इंजिनाची तहान



सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेला पांढुर्णा आणि सौसर हा मुलूख संत्र्यांच्या बागांचा आहे. या बागांतील विहिरींच्या धावेवर ज्या काळी बैलांची मोट चाले, तो काळ मागे पडला. मोटेच्या मागून तेलाचे इंजिन आले, आणि इंजिनाच्या मागून विजेचा पंप आला. पण ज्यांनी लहानपणी विहिरीवर डिझेल इंजिन चालताना पाहिले आहे, त्यांच्या स्मरणात एक गोष्ट हमखास राहिली असेल. पंपाच्या मोठ्या नळातून पाण्याचा जाड लोट हौदात पडत असे, तो गार. आणि इंजिनाच्या अंगातून निघालेल्या एका बारीक नळीतून करंगळीएवढी धार त्याच हौदात पडत असे. ती कोमट, कधी कधी चांगलीच ऊन. विहीर एकच, पाणी एकच. पण धारा दोन, आणि दोहोंचा स्पर्श निराळा. थंडीच्या दिवसांत पहाटे बागेला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला त्या बारीक धारेखाली हात धरून बसण्यात जे सुख वाटे, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

आता मनाने पांढुर्ण्याहून थेट मुंबईच्या बंदरात चला. धक्क्याला लागलेल्या एखाद्या मोठ्या जहाजाची बाजू नीट न्याहाळून पाहिली, तर पाण्याच्या रेषेच्या थोडे वर एका भोकातून पाण्याची धार अखंड समुद्रात पडताना दिसते. जहाज गळते आहे की काय, अशी शंका नवख्या माणसाला येते. जहाज गळत नसते. त्याच्या पोटातील इंजिने चालू असतात, आणि त्यांच्या अंगची उष्णता घेऊन बाहेर पडणारे ते पाणी असते. सौसरच्या विहिरीवरची करंगळीएवढी धार आणि मुंबई बंदरातील ती जाड धार या सख्ख्या बहिणी आहेत. एकीच्या पाठीशी खडकात खणलेली विहीर आहे, दुसरीच्या पाठीशी महासागर. परंतु दोघींचा जन्म एकाच गरजेतून झाला. त्या गरजेचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

ही गरज समजण्यासाठी आपल्या न्हाणीघरातील जुना तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणावा. बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी असते आणि तिच्याभोवती पाणी असते. विस्तवाची धग पाणी ओढून घेते, म्हणून मधली नळी जळत नाही. पाणी न भरता बंब पेटवला, तर तांबे लाल होते, डाख सुटतो आणि बंब कायमचा निकामी होतो. ही गोष्ट घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तिला त्यासाठी यंत्रशास्त्र शिकावे लागत नाही. डिझेल इंजिनाचे सिलिंडर म्हणजे असाच एक बंब होय. फरक एवढाच की बंबात विस्तव पेटवतात तो पाणी तापावे म्हणून, आणि इंजिनात पाणी फिरवतात ते विस्तवापासून धातू वाचावा म्हणून.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पिस्टन इतक्या जोराने दाबतो की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडताच तेल आपोआप पेट घेते. जळणाऱ्या वायूचे तापमान पंधराशे अंशांच्याही वर जाते. बिडाचे लोखंड बाराशे अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे ज्या भांड्यात हा विस्तव पेटतो, ते भांडे स्वतः वितळावे एवढी ती धग असते. धातू वितळण्याच्या कितीतरी आधी दुसराच अनर्थ ओढवतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये वंगणाचा एक अतिशय पातळ थर असतो, आणि त्या थरावर इंजिनाचे सारे आयुष्य अवलंबून असते. भिंत वाजवीपेक्षा तापली की हे तेल करपते, धातूला धातू घासतो, पिस्टन फुगतो आणि जागच्या जागी आवळून बसतो. इंजिन ‘धरले’ असे आपल्याकडे म्हणतात ते यालाच.

लहान इंजिनाचा हिशेब ढोबळमानाने असा मांडता येतो. तेलातील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश कामाला येते. एक तृतीयांश धुराबरोबर जाते. आणि उरलेला तृतीयांश सिलिंडरच्या भिंतीत शिरतो, तो बाहेर काढावाच लागतो. आपल्या भागातील विहिरींवर असे ते पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण एक लिटर तेल पिते. त्या एका लिटरची तिसरा हिस्सा उष्णता उचलून नेण्यासाठी, पाणी चाळीस अंशांनी तापू द्यायचे असे ठरवले, तरी तासाला पाऊणशे ते ऐंशी लिटर पाणी लागते. म्हणजे पाच घागरी पाणी. तेल पिणारे हे यंत्र तेलापेक्षा कितीतरी पटींनी अधिक पाणी मागते. इंजिनाची तहान म्हणतो ती हीच.

मौज अशी की, ज्याच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेलला ही तहान मुळात मान्यच नव्हती. १८५८ साली पॅरिस येथे जर्मन कुटुंबात जन्मलेला हा तरुण म्युनिक येथे कार्ल लिंडे या प्राध्यापकाच्या हाताखाली शिकला. लिंडे म्हणजे बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांचा जनक. शिक्षण संपल्यावर डिझेलने पॅरिसमध्ये लिंडेच्याच बर्फयंत्रांचे काम पाहिले. म्हणजे पदार्थातून उष्णता काढून घेणे हाच त्याचा पहिला व्यवसाय होता. परंतु स्वतःचे इंजिन योजताना त्याने नेमका उलटा विचार केला. वाफेच्या इंजिनात कोळशातील बहुतेक उष्णता वाया जाते, हे त्याला सलत होते. जी उष्णता आपण दाम मोजून विकत घेतली, ती पाण्याला का देऊन टाकावी? आपल्या इंजिनात ज्वलन अशा रीतीने घडवू की भिंती फारशा तापणारच नाहीत आणि पाण्याच्या वेष्टनाची गरजच उरणार नाही, असा त्याचा सिद्धान्त होता. १८९३ साली त्याला पेटंट मिळाले, त्याच वर्षी त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी आउग्सबुर्ग येथील कारखान्यात त्याचे पहिले प्रायोगिक इंजिन उभे राहिले. त्या इंजिनाला पाण्याचे वेष्टन नव्हते.

अनुभवाने सिद्धान्ताला लवकरच जमिनीवर आणले. पुढच्या आवृत्तीत डिझेलला सिलिंडरभोवती पोकळी ठेवून तीत पाणी खेळवावे लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी ज्या इंजिनाची परीक्षा घेतली, ते पाण्याने थंड होणारेच इंजिन होते. आणि त्याने तेलातील उष्णतेचा २६ टक्क्यांहून अधिक भाग कामाला लावून दाखवला. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनाची मजल याच्या निम्म्याच्या आसपास होती. उष्णता पाण्याला न देण्याचा हट्ट सोडल्यावरच डिझेलला यश आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे वाया जाते असे वाटते, त्यातील काही भाग यंत्राच्या आयुष्याची किंमत म्हणून द्यावाच लागतो.

कारखान्यातील हे इंजिन पाण्यावर उतरायला फार वर्षे लागली नाहीत. १९०३ साली नोबेल बंधूंच्या तेलकंपनीचे ‘वांडाल’ नावाचे तेलवाहू गलबत रशियातील व्होल्गेच्या जलमार्गावर डिझेल इंजिनांनी चालू लागले. आणि १९१२ च्या फेब्रुवारीत कोपनहेगन येथील बुर्मायस्टर आणि वाइन या कारखान्याने बांधलेले ‘सेलांडिया’ हे जहाज डिझेल इंजिनांच्या बळावर थेट बँकॉकच्या प्रवासाला निघाले. त्याला धुराडे नव्हते. वाटेत लंडनला ते थांबले असता आरमारखात्याचे प्रमुख विन्स्टन चर्चिल स्वतः ते पाहावयास गेले. जगभरच्या बंदरांत लोकांनी बिनधुराड्याचे ते जहाज कुतूहलाने पाहिले. दुर्दैव असे की, आपल्या इंजिनाचा समुद्रावरचा पुढचा दिग्विजय पाहावयास त्याचा जनक फार काळ राहिला नाही. १९१३ च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडला जाताना रुडॉल्फ डिझेल रात्रीच्या वेळी आगबोटीवरून नाहीसा झाला.

समुद्रावर पाण्याला काय तोटा? जहाजाच्या तळाला भोक पाडावे, पंप लावावा, समुद्राचे पाणी इंजिनातून फिरवावे आणि पुन्हा समुद्रात सोडावे. अनेक जुन्या बोटींत हेच केले जाई, आणि लहान मचव्यांच्या इंजिनांत ही रीत पुढेही पुष्कळ काळ टिकली. पण समुद्राचे पाणी विपुल असले तरी स्वस्त नाही, हे इंजिनखोलीत काम करणाऱ्यांना कळून चुकले. एका लिटरमागे या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठाचा गुणधर्म आपण स्वयंपाकात पाहतो की पाणी तापवले म्हणजे ते अधिक विरघळते. चुन्याच्या काही क्षारांचे मात्र उलट आहे. पाणी जसजसे तापते तसतसे ते विरघळलेले राहू शकत नाहीत आणि भिंतीवर जाऊन बसतात. म्हणजे सिलिंडरचा जो भाग सर्वांत तप्त, जेथे पाण्याचा स्पर्श सर्वांत अवश्य, नेमका तेथेच या क्षारांचा पापुद्रा जाड होत जातो. बंबाच्या तळाशी साठणारी पांढरी खपली ज्यांनी खरवडून काढली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. ती खपली उष्णतेला वाट देत नाही. बाहेर गार पाणी वाहते आहे, आणि आत धातू तापून तडकतो आहे, असा विपरीत प्रकार घडतो.

खपली टाळण्यासाठी एक उपाय होता. पाणी फार तापूच द्यायचे नाही. पन्नास अंशांच्या आसपास पोचले की बाहेर सोडून द्यायचे. पण त्यातून दुसरे संकट उभे राहिले. तेलात थोडे गंधक असते. ते जळून जो वायू होतो, तो वाफेबरोबर गार भिंतीवर दव पडावे तसा उतरतो आणि गंधकाचे तेजाब तयार होते. हे तेजाब सिलिंडरची भिंत खाऊन टाकते. म्हणजे इंजिन फार तापले तरी मरते आणि फार गार ठेवले तरी झिजते. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर आपण पाण्याची पट्टी ठेवतो, बर्फाच्या राशीत त्याला निजवीत नाही. यंत्राला शीत ठेवणे याचा खरा अर्थ त्याला त्याच्या योग्य तापमानावर स्थिर ठेवणे हा आहे.

या कोड्याचे उत्तर जहाजांच्याच जुन्या अनुभवात दडलेले होते. वाफेच्या जहाजांत समुद्राचे पाणी बॉयलरमध्ये घालून तेथेही असाच खपलीचा त्रास भोगून झाला होता. १८३४ साली सॅम्युअल हॉल या इंग्रज कल्पकाने एक युक्ती पेटंट करून ठेवली होती. बॉयलरमध्ये गोडेच पाणी ठेवावे. त्याची वाफ काम करून आली की तिला बारीक नळ्यांतून न्यावे, नळ्यांच्या बाहेरून समुद्राचे पाणी खेळवावे, आणि वाफेचे झालेले गोडे पाणी पुन्हा बॉयलरला द्यावे. दोन पाणी एकमेकांना भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये धातूचा पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यातून केवळ उष्णता पलीकडे जाते. ही युक्ती सर्वत्र रुळायला तीसेक वर्षे गेली. डिझेल जहाजांनी पुढे हेच तत्त्व उचलले.

आजच्या मोठ्या जहाजाच्या इंजिनखोलीत ही व्यवस्था पूर्णत्वाला गेलेली दिसते. इंजिनाच्या आत मोजके गोडे पाणी असते. त्यात गंज न लागावा म्हणून औषध मिसळलेले असते. पंप ते पाणी सिलिंडरांभोवती आणि त्यांच्या माथ्यांतून फिरवतो. ऐंशी-पंचाऐंशी अंशांना ते बाहेर पडते आणि कूलरमध्ये जाते. कूलरच्या नळ्यांच्या किंवा पत्र्यांच्या दुसऱ्या अंगाला समुद्राचे किंवा समुद्राने थंड केलेले पाणी असते. तेथे आपली उष्णता देऊन गोडे पाणी पुन्हा इंजिनाकडे वळते. वाटेत एक झडप पहारा करीत असते. पाणी वाजवीपेक्षा गार होऊ लागले, तर ती त्यातील काही भाग कूलरला न भेटवता परस्पर परत धाडते. अधिक तापले, तर सगळेच कूलरकडे वळवते. पाणी तापले की फुगते, त्याला जागा मिळावी आणि कोठे थेंब थेंब गळाले तर भर पडावी, म्हणून सर्वांत उंचावर एक लहान टाकी बसवलेली असते. त्या टाकीतील पातळीवर इंजिनियरची सतत नजर असते. ती अकारण उतरली तर कोठे तरी चीर पडली, असे समजावयाचे.

समुद्राचे पाणी आत घेण्याची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली असते. जहाजाच्या तळापाशी दोन दारे असतात, एक खाली आणि एक थोडे वर. खोल समुद्रात खालचे दार उघडतात, कारण जहाज डोलू लागले तर वरच्या दारातून हवा शिरण्याचे भय असते. बंदरात उथळ पाणी असते, तेव्हा वरचे दार उघडतात, कारण खालच्या दारातून गाळ येतो. दाराच्या आत जाळी असते, तीत शेवाळ, मासे, शिंपले अडकतात आणि ती वेळोवेळी साफ करावी लागते. खारट पाण्यात दोन निराळे धातू एकमेकांना लागून असले, तर त्यांतील एक दुसऱ्यासाठी झिजतो. म्हणून मुद्दामच जस्ताचे ठोकळे बसवतात; झिजायचे ते त्यांनी झिजावे आणि बाकीचा धातू वाचावा. हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी हा उपाय सुचवला होता. पत्रे वाचले खरे, परंतु तांब्याचे विष पाण्यात उतरेनासे झाल्यामुळे जहाजांच्या बुडाला शिंपल्यांची रास चिकटू लागली! एक व्याधी बरी करताना दुसरी उपटते, याचे यंत्रविद्येतील हे नमुनेदार उदाहरण होय.

जहाजाने काटकसरीचा आणखी एक धडा गिरवला. इंजिनातून निघालेले ऐंशी अंशांचे पाणी थेट कूलरकडे न नेता एका बंद भांड्यातून नेतात. त्या भांड्यातील हवा पंपाने उपसलेली असते. हवेचा दाब कमी झाला की पाणी पन्नास अंशांच्या आसपासही उकळते. इंजिनाच्या टाकाऊ उष्णतेवर तेथे समुद्राचे पाणी उकळते, त्याची वाफ थंड होते आणि खलाशांना गोडे पाणी मिळते. अथांग खाऱ्या पाण्यावर तरंगणारे जहाज आपल्या तहानेचे पाणी असे स्वतःच्या तापातून काढते.

आता समुद्रावरून पुन्हा जमिनीवर येऊ. महाराष्ट्रात तेलाची इंजिने प्रथम आली ती इंग्लंडातून. लिस्टर, रस्टन ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी घरच्या नावांसारखी रुळली होती. पुढे सातारा रोड येथील धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. लोखंडी नांगरापासून आरंभ करणाऱ्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेलाच्या इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा-सौसरचा मराठी शेतकरी सीमेपलीकडे पडला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. पण इंजिनाला राज्याची सीमा ठाऊक नसते. साताऱ्याचे आणि खडकीचे इंजिन या विहिरींवरही त्याच आवाजात चालले.

विहिरीवर इंजिन थंड ठेवण्याच्या दोन मुख्य रीती होत्या. पहिली रीत म्हणजे पंपाच्या नळाला बारीक फाटा फोडून विहिरीचे ताजे पाणी इंजिनातून काढावयाचे आणि पाटात सोडावयाचे. आरंभी वर्णन केलेली ऊन धार ती हीच. हिच्यात पाणी वाया जात नाही, कारण ते बागेलाच मिळते. म्हणून ती शेतकऱ्याला पटली. दुसरी रीत टाकीची. इंजिनाशेजारी पाण्याची टाकी ठेवावयाची आणि दोन नळांनी ती इंजिनाला जोडावयाची. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळाने टाकीत चढते, गार झालेले जड पाणी खालच्या नळाने इंजिनात उतरते. पंप नाही, पट्टा नाही, पाणी आपल्या आपण फिरत राहते. माठातील पाणी जसे बाष्प होऊन माठाला गार करते, तसे टाकीच्या तोंडाशी थोडे पाणी उडून जाते आणि बाकीचे निवते. तासाला फार तर पाच-सहा लिटर पाणी असे उडेल. तेवढी भर घातली की झाले.

पहिली रीत म्हणजे जुन्या बोटीची रीत, आणि दुसरी आजच्या जहाजाच्या रीतीची गरीब पण समंजस बहीण. या भेदाचे मर्म सौसरच्या भूमीत विशेष जाणवावे असे आहे. भूशास्त्रात ‘सौसर समूह’ या नावाने ओळखले जाणारे प्राचीन खडक याच गावाचे नाव घेऊन जगाला माहीत झाले आहेत. त्यांत मॅंगनीजच्या खनिजाबरोबर संगमरवराचे आणि डोलोमाइटाचे थर आहेत. म्हणजेच चुना आणि मॅग्नेशियम यांचे थर. अशा खडकांतून झिरपून विहिरीत येणारे पाणी हे क्षार बरोबर घेऊन येते. ते पाणी इंजिनातून तासन् तास, नवे नवे असे वाहू दिले, तर प्रत्येक घागर थोडा थोडा चुना आत ठेवून जाते. समुद्रावर जो पापुद्रा वर्षानुवर्षे इंजिनियरांना छळत होता, तोच पापुद्रा येथे बागेच्या कडेला गुपचूप जाड होत असतो. टाकीच्या रीतीत तेच ते पाणी फिरते. त्यातील चुना एकदा खाली बसला की बसला. त्यातही भर घालताना पावसाचे साठवलेले पाणी वापरले, तर उडून गेलेल्या पाण्यामागे नवे क्षार उरत नाहीत. जहाजावरील गोड्या पाण्याच्या बंद फेऱ्याचे सारे शहाणपण या एका गोष्टीत आहे.

यात शेतकऱ्याचे किती हित गुंतले आहे, ते संत्र्याच्या बागाइतदाराला विचारावे. आंबिया बहाराची फुले थंडी सरताना येतात आणि लहान लहान फळे झाडावर धरून बाग उन्हाळा काढते. वैशाखात विहिरीचे पाणी तळाला जाते, पंपाची धार बारीक होते, फाट्याच्या नळीत गाळ शिरतो; आणि जेव्हा उन्हाने इंजिन सर्वांत अधिक तापलेले असते, नेमके तेव्हाच त्याचे पाणी तुटते. रात्रीच्या वेळी ते धरले, आणि दुरुस्त होईपर्यंत चार-आठ दिवस गेले, तर तेवढ्यात कोवळी फळे गळून झाडाखाली पडतात. वर्षाची कमाई करंगळीएवढ्या धारेला टांगलेली असते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

जहाजाला समुद्र आहे, इंजिनाला विहीर आहे. पण ज्याला दोन्ही नाहीत त्याने काय करावे? याचेही उत्तर सौसरकरांनी रोज पाहिले आहे. नागपूरहून सौसरवरून छिंदवाड्याला जाणारी अडीच फुटी रुळांची लहान गाडी २०१५ साली बंद होऊन पुढे तेथे रुंद मार्ग झाला. त्या लहान गाडीला पूर्वी वाफेचे इंजिन असे आणि ते वाटेत स्थानकावर थांबून सोंडेसारख्या नळातून पोटभर पाणी पिई. पुढे डिझेल इंजिन आले आणि पाण्याच्या त्या सोंडा ओस पडल्या. डिझेल इंजिनालाही पाणी लागत होतेच. पण ते आपले पाणी आपल्याबरोबर बाळगीत होते. रेडिएटरच्या पातळ नळ्यांतून ते फिरे आणि पंख्याचा वारा त्याची उष्णता उचलून सातपुड्याच्या हवेत सोडून देई. जहाजाने उष्णता समुद्राला दिली, विहिरीवरच्या इंजिनाने पाटाला दिली, आगगाडीने वाऱ्याला दिली. उष्णता नष्ट कोणालाच करता येत नाही. ती कोणाच्या स्वाधीन करावयाची, एवढेच आपल्या हाती असते.

आज बहुतेक विहिरींवर आणि कूपनलिकांवर विजेचे पंप आहेत, आणि हा सारा इतिहास जुना झाला असे वाटण्याचा संभव आहे. तसे मानणे धोक्याचे होईल. पाण्यात बुडवून ठेवलेल्या पंपाची मोटर थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहत जाणाऱ्या पाण्यामुळेच. कूपनलिकेतील पाणी उतरले आणि पंप कोरडा फिरू लागला, की काही वेळातच तारांचे वेटोळे जळून जाते. मोटर वर काढावी लागते, भरून आणावी लागते, आणि तोवर बाग पुन्हा तहानलेली राहते. यंत्र बदलले, तहान बदलली नाही. पाणी उपसणारे यंत्र स्वतःही त्याच पाण्याच्या आधारावर जगते. पाणी संपल्यावर उपसा करू पाहणारा पहिला बळी यंत्राचाच देतो.

म्हणून जहाजाकडून घ्यावयाचा धडा मला मोठा वाटतो. ज्याच्या चहूंकडे क्षितिजापर्यंत पाणीच पाणी आहे, त्याने आपल्या इंजिनात मोजकेच गोडे पाणी ठेवले, ते पुन्हा पुन्हा वापरले, त्याच्या पातळीवर रात्रंदिवस डोळा ठेवला, आणि टाकाऊ उष्णतेतूनही पिण्याचे पाणी काढले. आपल्या विहिरींना समुद्राचा आधार नाही. त्यांना चार महिन्यांच्या पावसाचा आणि खडकातील भेगांचा तेवढा आधार आहे. पुढच्या वैशाखात बागेला पाणी देताना हौदात पडणाऱ्या धारेकडे पाहिले, तर ती किती जाड आहे हे पाहावे. पण त्याबरोबर विहिरीत दोर सोडून पाणी किती उरले आहे, हेही पाहावे. जहाजावरचा इंजिनियर टाकीची पातळी पाहिल्यावाचून पहारा बदलीत नाही. बागाइतदारानेही विहिरीची पातळी पाहिल्यावाचून पंपाचा खटका दाबू नये.